एका बटणाचे बिल

तात्यांची लेक तालुक्याच्या कॉलेजात शिकते. तिच्या लॅपटॉपवरचे एक बटण चालेना. ते बटण ‘न’ या अक्षराचे. ‘नदी’ लिहायला जावे तर नुसते ‘दी’ उमटे. परीक्षा जवळ आली होती. तात्यांनी लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात नेऊन दिला. दुकानदाराने एक कागद पुढे केला. तात्यांनी त्यावर सही केली. सही करायला ते साक्षरता वर्गात नुकतेच शिकले होते.

आठ दिवसांनी तात्या लॅपटॉप आणायला गेले. दुकानदाराने बिल हातात दिले. बिल असे होते :

नवा कीबोर्ड – २,२०० रुपये
मजुरी – ५०० रुपये
तपासणी – १५० रुपये
एकूण – २,८५० रुपये

तात्या चपापले. “उद्या लेकीला घेऊन येतो,” असे म्हणून ते निघाले. संध्याकाळी बिल घेऊन वर्गात आले.

“गुरुजी, बघा की हे! एका बटणाला अठ्ठावीसशे पन्नास. ही काय रीत झाली?”

“तात्या, आधी बसा. लॅपटॉप जमा करताना दुकानदारानं कागद दिला होता ना?”

“दिलाय की. हा बघा, खिशातच हाय.”

“वाचलात का?”

“न्हाई बा. सही केली अन् ठिवला खिशात.”

“मग आता वाचा. सगळ्यांना ऐकू येईल असं वाचा.”

तात्या एकेक अक्षर लावत वाचू लागले. “काम : एक बटण चालत नाही, ते दुरुस्त करणे. अंदाजे खर्च : ४०० रुपये. जादा खर्च असल्यास ग्राहकास विचारून काम करू.”

“तुम्हाला विचारलं होतं?”

“न्हाई. फोन सदा जवळच हुता. एकदाबी वाजला न्हाई.”

“मग तुमची बाजू या तीन ओळींत आहे. आवाज चढवायचं कारण नाही.”

आक्का मागून म्हणाल्या, “म्हंजी दुकानदार लबाडच म्हणायचा!”

“तसं लगेच म्हणू नये, आक्का. आधी बटण कसं चालतं ते पाहू.”

गुरुजींनी फळ्यावर चित्र काढले. बहुतेक लॅपटॉपमध्ये बटणाला वर एक टोपी असते. टोपीखाली प्लॅस्टिकची बारीक कैची असते. तिच्यामध्ये रबराची छोटी वाटी असते. त्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे असतात. पडद्यांवर वीज वाहणाऱ्या रेघा असतात. बटण दाबले की वाटी दबते. वरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि अक्षर उमटते.

टोपीखाली कचरा अडकला तर साफ करून भागते. कैची मोडली तर पुष्कळदा तेवढीच बदलता येते. हे काम थोड्या पैशांत होते. पण चहा-पाणी सांडून आतल्या रेघा खराब झाल्या, तर एकटे बटण सहसा दुरुस्त होत नाही. सगळा कीबोर्ड बदलावा लागतो.

“म्हणून दुकानदाराचं काम खरंही असेल,” गुरुजी म्हणाले. “पण गवंड्याला एक कौल बदलायला सांगितलं आणि त्यानं सारं छप्पर उतरवलं, तर? छप्पर खराब असेलही. पण मालकाला विचारायला नको?”

दुसऱ्या दिवशी तात्या लेकीला घेऊन दुकानात गेले. त्यांनी शांतपणे तीन गोष्टी विचारल्या. नक्की काय बिघडले होते? काढलेला जुना कीबोर्ड कुठे आहे? चारशेच्या वर खर्च करण्याआधी का विचारले नाही?

दुकानदाराने जुना कीबोर्ड दाखवला. आतल्या रेघा गंजून काळ्या पडल्या होत्या. लेकीला ते पटले. पण तिसऱ्या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हते. त्याने स्वतःच्याच पावतीवरची ओळ वाचली. मग मजुरी आणि तपासणीचे पैसे सोडले. तात्यांनी २,२०० रुपये दिले. पक्के बिल आणि जुना कीबोर्ड घेतला. साडेसहाशे रुपये वाचले. ते ओरडून वाचले नाहीत, कागद वाचल्यामुळे वाचले.

दुकानदाराने ऐकले नाही तर?

वस्तू हिसकावून आणू नये. ठरलेल्या कामाची योग्य मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे. १८७२ च्या करार कायद्यात तसे सांगितले आहे. वस्तूची फार निकड असेल तर पैसे द्यावेत. पण बिलावर ‘हरकत राखून पैसे दिले’ असे लिहून सही आणि तारीख घालावी. मग दुकानदाराला पत्र लिहावे. ते असे :

‘मी … तारखेला एक बटण दुरुस्त करण्यासाठी लॅपटॉप दिला. पावतीवर अंदाजे खर्च ४०० रुपये लिहिला आहे. मला न विचारता कीबोर्ड बदलला आणि २,८५० रुपये घेतले. जादा घेतलेले पैसे १५ दिवसांत परत करावेत. पावती व बिल यांच्या नकला जोडल्या आहेत.’

पत्राची एक नकल स्वतःजवळ ठेवावी. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे.

तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या क्रमांकावर फोन करावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. अशा लहान रकमेच्या तक्रारीला फी नाही.

ध्यानात ठेवा

१. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा.
२. काम आणि अंदाजे खर्च पावतीवर लिहून घ्या.
३. ‘जादा खर्च विचारून करावा’ ही ओळ नसेल तर ती लिहायला सांगा.
४. आधी वाचा, मग सही करा.
५. काढलेला जुना भाग परत मागा. पक्के बिल घ्या.

प्रश्न

१. तात्यांच्या पावतीवर कोणत्या तीन गोष्टी लिहिल्या होत्या?
२. दुकानदाराचे कोणते काम बरोबर होते? कोणते चूक होते?
३. तुमच्या घरी दुरुस्तीची एखादी पावती असेल. ती वर्गात आणा आणि वाचून दाखवा.