कॅम्पर व्हॅनमधलं पाणी : खर्च किती, आणि कशावर करावा

व्हॅनचं घर करायला घेतलं की आधी पलंग ठरतो, मग शेगडी, मग पडदे. पाण्याची सोय शेवटी आठवते आणि तोवर हात आखडलेला असतो. मग कुठलीतरी टाकी, कुठलातरी पंप आणि अंगणात झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप जोडून गाडी बाहेर पडते. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. पुण्यात खडकीतून जुन्या मुंबई रस्त्याला लागलं की लोणावळा जवळ, कोकणही फार लांब नाही. अशा गाडीचा विचार करणाऱ्यांनी पाण्याचा हिशेब सगळ्यात आधी मांडावा. तो फार मोठा नाही, पण चुकीच्या जागी वाचवलेले दोन हजार पुढे पोट बिघडवतात.

सुरुवात टाकीपासून. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे शंभर लिटरची भरलेली टाकी हा गाडीत कायम बसलेला एक जाडजूड प्रवासी. आरसी बुकावर गाडीचं एकूण मान्य वजन लिहिलेलं असतं. पलंग, बॅटऱ्या, माणसं धरून त्यात किती जागा उरते ते बघा आणि मगच टाकीचा आकार ठरवा. दोघांना भांडी, हात-तोंड आणि ओल्या पंचाने अंग पुसणं एवढ्यासाठी शंभर लिटर तीन दिवस सहज पुरतात. बादलीने आंघोळ करायची तर माणशी पंधरा लिटर धरा, मग तीच टाकी दोन दिवसांत रिकामी. तरी दोनशे लिटरच्या टाकीच्या मोहात पडू नये असं मला वाटतं. मुक्कामाच्या गावी पाणी मिळतं, पण चढाला ओढलेलं वजन रोज डिझेल खातं.

घरात माळ्यावर ठेवतात तशी आडवी प्लॅस्टिकची टाकी शंभर लिटरला दीड ते तीन हजारांत मिळते. पिण्याच्या पाण्याच्या अशा टाक्यांसाठी आयएस 12701 हे मानक आहे. टाकीवर तो आकडा आणि आयएसआय चिन्ह असेल तरच घ्या. रंग गडद हवा, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. स्टीलची बनवून घ्यायची तर बारा ते वीस हजार लागतील. आत आडवे पडदे जोडून मिळाले, तर घाटाच्या वळणावर पाणी एका अंगाला धावत नाही. टाकी शक्य तितकी खाली, दोन चाकांच्या जोड्यांच्या मधे बसवावी. तळाशी निचऱ्याचा कॉक आणि वर हवेची नळी हवीच. हवेची नळी नसली की पंप पाणी ओढताना टाकी आत चेपते.

पंपाच्या बाबतीत पुष्कळजण फसतात. फवारणीच्या बॅटरी पंपात असतो तसा 12 व्होल्टचा छोटा पंप आठशे ते दीड हजारांत मिळतो आणि वरवर तेच काम करतो. पण तो फवाऱ्यासाठी बनलेला असतो. त्याचा दाब गाडीतल्या साध्या नळ्यांना आणि क्लिपांना सोसत नाही, एखादा जोड कधीतरी निसटतो. आरओ मशीनचा पंपही नको, तो बहुधा 24 व्होल्टवर चालतो. गाडी-बोटींसाठी बनवलेला, आत दाबाचा स्विच असलेला डायाफ्राम पंप चार ते सात हजारांना पडतो. तो घ्या. तोटी उघडली की तो सुरू होतो, बंद केली की दाब भरून थांबतो. मिनिटाला पाच लिटर आणि पाच अँपिअर धरले, तर अख्खी शंभर लिटरची टाकी उपसायला वीस मिनिटं आणि दोन अँपिअर-तासांहूनही कमी वीज लागते. म्हणजे पाण्यासाठी मोठी बॅटरी लागते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पंपाच्या आधी बारीक जाळीची गाळणी बसवा, तीनशे ते सहाशे रुपये. टाकीतला प्लॅस्टिकचा कीस आत गेला की पाच हजारांचा पंप अडकतो. नळी खाद्यपदार्थांसाठी चालणारी, मीटरला शंभरच्या आसपास. घरात चालणारा कडक सीपीव्हीसी पाइप गाडीच्या हादऱ्याने जोडाशी तडकतो, म्हणून लवचिक नळी आणि स्टीलच्या क्लिपा. तापकीर गल्लीत वायर, फ्यूज, स्विच मिळतात, बोहरी आळीत नळ्या, क्लिपा, तोट्या. जोडणीसाठी मात्र फार फिरावं लागू नये. आयुध कारखाने आणि 512 आर्मी बेस वर्कशॉप यांच्या शेजारी वसलेल्या खडकीत हाताने काम शिकलेली माणसं आहेत. असा एखादा निवृत्त फिटर ओळखीतून मिळाला तर त्याला मान द्या आणि मजुरीत घासाघीस करू नका.

मध्यम दर्जाचा हिशेब असा पडतो: टाकी अडीच हजार, पंप साडेपाच, गाळणी पाचशे, दहा मीटर नळी हजार, दोन तोट्या सोळाशे, क्लिपा आणि जोड नऊशे, वायर-फ्यूज-स्विच आठशे, मजुरी पाच हजार. झाले 17,800. खाली सांडपाण्याची टाकी बावीसशेची धरली की वीस हजार. दुकानागणिक फरक पडेल, पण कुणी याच्या दुप्पट सांगत असेल तर प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहून मागा. आसनं काढून कायमची रचना करणार असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओकडे नोंद लागते. ती नसेल तर विम्याच्या वेळी वाद होतो.

आता वापर. नवी टाकी आधी निर्जंतुक करायची. बाजारात मिळणारं पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट शंभर लिटर पाण्याला शंभर मिलिलिटर, एवढंच प्रमाण. लेबल वाचा. द्रावण दहा टक्क्यांचं असेल तर निम्मं, आणि सुगंध किंवा साबण मिसळलेलं अजिबात नको. एकेक तोटी उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, म्हणजे ते नळ्यांतही पोहोचतं. चार तास तसंच ठेवा, रात्रभर ठेवलं तरी चालेल. मग सगळं काढून वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने दोनदा-तीनदा धुवा. हे दर तीन महिन्यांनी, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर निघण्यापूर्वी. एका वेळचा खर्च पंधरा-वीस रुपये.

पाणी भरताना स्वतःचा पाइप वापरा. दोन्ही टोकांना बूच लावून तो वेगळ्या पिशवीत ठेवा. पेट्रोल पंपावर गाड्या धुण्याचा पाइप चिखलात लोळलेला असतो, तो टाकीच्या तोंडाला लावू नये. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीपेक्षा सकाळी थेट येणाऱ्या नळाचं पाणी बरं, आणि आधी ते दोन मिनिटं वाहू द्या. टँकरचं पाणी भरावं लागलं तर क्लोरीन घातल्याशिवाय तोंडात घेऊ नका. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, आणि तपासात बोट पाण्याकडे गेलं. पाणी नितळ दिसतं म्हणून ते चांगलं असतं असं नाही, हे पुणेकरांनी तेव्हा फार जवळून पाहिलं.

म्हणून माझा आग्रह आहे की टाकीतलं पाणी धुण्यापुरतं ठेवावं आणि पिण्याचं वेगळं न्यावं. वीस लिटरचा जार पन्नास-साठ रुपयांना मिळतो, घरून उकळून नेलं तर तेही लागत नाहीत. गाडीत आरओ बसवू नका. ते निम्म्याहून अधिक पाणी फेकून देतं आणि तुमच्याकडे मुळात शंभरच लिटर आहे. फिल्टर हवाच असेल तर विजेशिवाय चालणारा, वरून ओतायचा यूएफ फिल्टर दीड ते तीन हजारांत येतो. टीडीएस मीटरवर विश्वास टाकू नका. तो क्षार मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक वापरतात ती एचटूएसची छोटी बाटली तीस-साठ रुपयांची असते. त्यात पाणी भरून उबदार जागी ठेवा. दोन दिवसांत ते काळं पडलं तर ते पाणी पिण्याजोगं नाही.

गरम पाण्यासाठी गॅस गिझर बंद गाडीत लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. शेगडीवर पातेलं ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

पंपाचा मुख्य स्विच गाडी चालताना आणि रात्री बंद. क्लिप निसटली आणि पंप चालू राहिला, तर वीस मिनिटांत सगळी टाकी गाडीच्या तळावर येते, गाद्यांसकट. तोट्या बंद असताना पंप मधूनच घरघरला तर कुठेतरी गळती आहे. जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा, ओला होईल तिथे क्लिप आवळा. गाळणी दर सहलीनंतर उघडून धुवा. परत आलात की टाकी पूर्ण रिकामी करा, निचऱ्याचा कॉक आणि सगळ्या तोट्या उघड्या ठेवा आणि पंप काही सेकंद चालवून नळ्यांतलं पाणी बाहेर काढा. खडकीच्या उन्हाळ्यात बंद गाडीतल्या उरलेल्या पाण्याला आठवड्यात वास येतो.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी ताब्यात घेण्याआधी मालकाला विचारायचं: टाकी शेवटची कधी धुतली, निचऱ्याचा कॉक कुठे आहे, पंपाचा फ्यूज किती अँपिअरचा आणि जादा फ्यूज गाडीत आहे का. तोटी उघडून पहिला ग्लास पाणी उजेडात धरून बघा, वास घ्या. मालक चालढकल करत असेल तर निघण्याआधी त्याच्याच नळावर टाकी रिकामी करून पुन्हा भरून घ्या, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल.