उन्हाळी भुईमूग: तारीख बघून नको, जमिनीचं तापमान बघून पेरा



टेंभूचं आवर्तन आलं की आपल्याकडं उन्हाळी भुईमुगाची घाई सुरू होते. पण दुपारी ऊन लागायला लागलं म्हणजे रान तापलं असं नसतं. एकरी ४०-५० किलो बियाणं जातं. ते विरळ उगवलं, तर नांग्या भरूनही पीक एकसारखं येत नाही. म्हणून पेरणीआधी एवढं वाचा.

*दाण्याच्या आत काय होतं?*
ओल मिळाली की दाणा पाणी पिऊन फुगतो. आतली विकरं जागी होतात आणि साठवलेलं तेल व प्रथिनं फोडून कोंबाला पुरवतात. हे काम ऊब असेल तरच वेगानं चालतं. थंडीत दाणा पाणी पितो, पण काम पुढं सरकत नाही. फुगलेला दाणा ओल्या मातीत पडून राहतो आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. सुरुवातीच्या काही तासांत फार गार पाणी शिरलं, तर आतल्या पेशींनाच इजा होते. मग नंतर ऊन पडूनही उपयोग होत नाही.

*साधा हिशोब*
साधारण १० अंशांच्या खाली भुईमुगाचं काम जवळपास थांबतं. त्यावरचे अंश तेवढे कामाचे. जमीन सरासरी १८ अंश असेल तर दिवसाला ८ अंश जमा होतात, २५ असेल तर १५. म्हणजे गार रानात उगवणीला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात. पेरणीला किमान १८ अंश हवेतच. ३० च्या आसपास उगवण सगळ्यात चांगली. गहू, हरभरा याहून बऱ्याच गारव्यात उगवतो, त्यामुळं त्या अंदाजावर भुईमूग पेरू नका.

*मोजायचं कसं?*
१. साधा थर्मामीटर घ्या. तापाचा चालत नाही, तो ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही.
२. काडीनं ५ सें.मी. खोल भोक पाडून त्यात ठेवा. काच मातीत दाबू नका.
३. सकाळी ७ ला आणि दुपारी ३ ला आकडा लिहा. दोन्हींची बेरीज भागिले २.
४. सलग चार दिवस सरासरी १८ च्या वर आली की पेरा.
काळं भारी रान पाणी धरून ठेवतं, म्हणून उशिरा तापतं. माळाचं हलकं रान लवकर तापतं. एकाच गावात दोन रानांची पेरणी आठवडाभर मागं-पुढं झाली तरी चालेल.

*पेरताना*
• आधी रान भिजवा, वाफसा आल्यावर पेरा. कोरड्यात टोकून वरून गार पाणी सोडू नका.
• खोली ५ सें.मी. च्या पुढं नको.
• किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. नंतर रायझोबियम आणि पीएसबी प्रत्येकी २५ ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरा.
• गादीवाफ्यावर ७ मायक्रॉनचा पारदर्शक कागद अंथरला तर माती काही अंशांनी गरम राहते.

*फार थांबूही नका*
राहुरी विद्यापीठाची शिफारस १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी अशी आहे. त्यापुढं गेलं की फुलोरा कडक उन्हात सापडतो आणि काढणी पावसात. एसबी-११, टीएजी-२४ सारख्या उपट्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था नसते, त्यामुळं ओल लागली की शेंगेतच मोड येतात.

*बियाणं खराब की जमीन गार?*
पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात उबदार जागी ठेवा. गोणपाट ओलं राहू द्या, पाणी साचू देऊ नका. दहाव्या दिवशी मोजा. ७० किंवा जास्त चांगले मोड आले तर बियाणं पेरायला योग्य. घरात उगवलं आणि रानात नाही, तर आधी तापमान, ओल आणि खोली तपासा. घरातही उगवलं नाही, तर ते बियाणं पेरू नका. पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा.

आपल्या रानाचा सकाळ-दुपारचा आकडा, गावाचं नाव आणि जमिनीचा प्रकार याच नंबरवर पाठवा. पेरावं की थांबावं ते कळवतो.

– आपला कृषी सल्लागार, विटा