कलिंगड तोडणीला आलं का? आधी बाळी बघा



जानेवारीत लावलेले कलिंगडाचे प्लॉट आता तोडणीला येत आहेत. व्यापारी बांधावर येऊन "60 दिवस झाले ना, सगळं एकदम तोडू" म्हणतो. गाडी भरायची घाई त्याची असते, पण कच्चा माल निघाला की कपात आपल्या पट्टीत लागते.

कलिंगड आंबा-केळीसारखं तोडल्यावर पिकत नाही. घरात ठेवून गराचा रंग थोडा चढेल, साखर मात्र वाढत नाही. म्हणून लागवडीचे दिवस मोजून भागत नाही, फळ धरल्यापासून मोजा. साधारण 30 ते 35 दिवस लागतात, थंडी राहिली तर आणखी काही दिवस. एकाच वेलावरची दोन फळं आठ-दहा दिवसांच्या फरकाने धरलेली असू शकतात, त्यामुळे तोडणी दोन-तीन खेपांतच करायची.

फळ तपासताना पहिली खूण बाळीची. फळाचा देठ जिथे वेलाला जोडला आहे, तिथेच असलेली बाळी पूर्ण वाळून तपकिरी झालेली हवी. अर्धी हिरवी असेल तर थांबा. पुढच्या पेरावरची बाळी बघून फसू नका, ती या फळाची नाही. आणि वेल मर रोगाने किंवा पाण्याच्या ताणाने सुकत असेल तर बाळ्या आधीच वाळतात. अशा प्लॉटमध्ये या खुणेवर अजिबात विसंबू नका.

मग फळ हलकेच उचलून खालचा डाग बघा. पांढरा म्हणजे कच्चं, लोण्यासारखा पिवळसर झाला म्हणजे तयार. बघून झालं की फळ होतं तसंच ठेवा. डागाची बाजू वर राहिली तर उन्हाने करपते.

टिचकी मारल्यावर कच्चं फळ टणटण वाजतं, तयार फळ बदबद. हे कानाला सवय असेल तरच. नवीन माणसाने फक्त आवाजावर तोडू नये. काहीजण फळ दाबून 'कर्र' आवाज ऐकतात, ते तर करूच नका, आतला गर तडकतो.

खात्रीसाठी प्लॉटच्या तीन-चार ठिकाणचं एकेक फळ कापा आणि मधल्या गराचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. सालीजवळचा रस कमी दाखवतो. ब्रिक्स 10 च्या खाली असेल तर तोडणी पुढे ढकला, 11-12 असेल तर बिनधास्त तोडा.

तोडणीआधी तीन-चार दिवस ड्रिपचं पाणी कमी करा, एकदम बंद नको. शेवटी भरपूर पाणी दिलं तर वजन वाढेल असं वाटतं, पण गोडी उतरते आणि फळं तडकतात. फळ ओढून तोडू नका, कात्रीने इंचभर देठ ठेवून कापा आणि गाडी येईपर्यंत सावलीत ठेवा.

रिफ्रॅक्टोमीटर संकलन केंद्रावर आहे. ज्यांची तोडणी या आठवड्यात आहे त्यांनी नमुन्याची फळं घेऊन सकाळी या, किंवा बाळी आणि डाग दोन्ही दिसतील असे फोटो पाठवा.

– कृषी सल्ला विभाग