पट्टी दिसली म्हणून हुरळू नका

आमच्या पोशेऱ्यात कुणाला पान लागलं की गाडी मोखाड्याकडे नाहीतर जव्हारच्या कुटीर रुग्णालयाकडे धावते. तिथे टोचतात ती सापाची लस म्हणजे प्रतिपिंडंच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडंथोडं घोड्याला टोचून त्याच्या रक्तातून काढलेली. ते औषध असल्यामुळे बाजारात येण्याआधी त्याची तपासणी कायद्यानेच होते. मी मुंबईत ज्या प्रयोगशाळेत काम करतो, तिथे येणाऱ्या अँटिबॉडीच्या कुपीवर मात्र ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. याचा सरळ अर्थ, ती चालते की नाही हे ज्याचं त्याने बघावं. जव्हार-मोखाड्याची मुलं आता एम.एस्सी. करून अशा प्रयोगशाळांत येऊ लागली आहेत, म्हणून हे लिहितोय.

आमचं काम कॅल्मोड्युलिनवर. जेमतेम 17 किलोडाल्टनचं, 148 अमिनो आम्लांचं प्रथिन. पेशीत कॅल्शियम वाढलं की हे त्याचे चार आयन पकडतं, अंग बदलतं आणि कितीतरी एन्झाइमांना कामाला लावतं. त्यासाठी सशात तयार केलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी मागवली होती. किंमत तीस हजारांच्या घरात, आणि वाट बघण्यात महिना उलटला तो वेगळाच. पहिल्याच ब्लॉटवर 17च्या आसपास सुबक पट्टी आली. लॅबमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

मला खटकत होतं ते सशाचंच. सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांत कॅल्मोड्युलिन अक्षरशः सारखं असतं, माणसाचं आणि सशाचंही. जे प्रथिन सशाच्या स्वतःच्या अंगात आहे, त्याच्याविरुद्ध तो जोरदार प्रतिपिंडं बनवील कशाला? अशा प्रथिनाची चांगली अँटिबॉडी मिळणं मुळातच अवघड.

सुदैवाने कॅल्मोड्युलिन आपली ओळख स्वतःच पटवतं. एका नमुन्यात कॅल्शियम क्लोराइड घाला, शेजारच्यात कॅल्शियम काढून घेणारं इजीटीए, आणि दोन्ही एकाच जेलवर चालवा. कॅल्शियम धरलेलं कॅल्मोड्युलिन आटोपशीर होऊन पुढे पळतं, रिकामं मागे राहतं. आमची सुबक पट्टी दोन्हीकडे एकाच रेषेत, जागची हलेना. शेजारी शुद्ध कॅल्मोड्युलिन चालवलं होतं. कूमासी रंगाने ते जेलवर सरकलेलं स्पष्ट दिसलं, पण ब्लॉटवर त्या जागी काहीच नाही.

इथे लगेच अँटिबॉडीला शिव्या घालू नका. एवढं लहान आणि आम्लधर्मी प्रथिन मेंब्रेनमधून आरपार निघून जातं किंवा धुताना सुटतं. म्हणून 0.45 नव्हे, 0.2 मायक्रॉनचं पीव्हीडीएफ घ्या आणि ट्रान्सफर झाल्यावर सौम्य ग्लुटराल्डिहाइडने प्रथिन मेंब्रेनवर पक्कं करा. 1984 पासून छापील असलेली ही युक्ती कुपीसोबतच्या माहितीपत्रकात असेलच असं नाही. आम्ही तसं केलं आणि मेंब्रेनचे दोन तुकडे केले. एकावर उंदरापासूनची मोनोक्लोनल लावली, दुसऱ्यावर आमची. मोनोक्लोनलला शुद्ध कॅल्मोड्युलिनही दिसलं, पेशीतलंही, आणि पट्टी कॅल्शियमबरोबर सरकलीही. आमची अँटिबॉडी त्याच जुन्या रेषेला चिकटून. ती कुठल्या प्रथिनावर बसत होती कोण जाणे.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये 65 प्रथिनांसाठीच्या 614 अँटिबॉड्या तपासून प्रसिद्ध केल्या. एकेका प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध असे निघाले, ज्यांत लक्ष्य न ओळखणारी अँटिबॉडी वापरलेली होती. तेव्हा ‘अमक्या पेपरात वापरलीय’ हा दाखला धरून पैसे घालू नका. त्यांची खरी कसोटी होती जीन काढून टाकलेल्या पेशी: तिथेही पट्टी आली तर अँटिबॉडी खोटी. कॅल्मोड्युलिनला ही कसोटी लावणं जड जातं, कारण माणसात कॅल्म 1, 2 आणि 3 ही तिन्ही जीन हुबेहूब एकच प्रथिन बनवतात. एक काढलं तरी दोन उरतातच. म्हणून इथे कॅल्शियम-इजीटीएची जोडी आणि शुद्ध प्रथिन हीच आपली भिस्त.

मागवण्याआधी विचारून घ्या: सशाला प्रथिनाचा कुठला तुकडा टोचला होता, चाचणी ब्लॉटवर झाली की ऊतीच्या कापांवर, आणि छोटं ट्रायल पॅक मिळेल का? रिकॉम्बिनंट मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजून तीच घ्या. पॉलिक्लोनलचा पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा असू शकतो. कुपी हातात पडली की कॅटलॉग क्रमांकासोबत लॉट क्रमांकही वहीत उतरवा. ग्लिसरॉल नसेल तर छोटे भाग करूनच गोठवा.

तक्रार करायची वेळ आलीच, तर फोनवर वाद घालू नका. आम्ही न कापलेल्या ब्लॉटचे फोटो, लॉट क्रमांक आणि मोनोक्लोनलचा तुकडा शेजारी ठेवून ईमेल केला. पुरवठादाराने आधी त्याच लॉटची दुसरी कुपी देऊ केली. ती नाकारली, तेव्हा कुठे क्रेडिट नोट आली.