सरकारी नोकरीतील अन्याय आणि तक्रारीची मुदत

आपल्या समाजातला पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस सरकारी नोकरीला लागतो, तेव्हा ती नोकरी त्याच्या एकट्याची नसते. म्हाताऱ्या आईबापांचे औषध, धाकट्या भावाची फी, घणसोलीच्या दोन खोल्यांचा हप्ता, सारे तिच्यावर उभे असते. म्हणून कचेरीत अन्याय झाला की तो आधी गप्प बसतो. "साहेबांची बदली होईल", "पुढच्या वर्षी बढतीच्या यादीत नाव येईल" असे स्वतःला समजावतो. त्याची अडचण खरी आहे. पण कायदा तिच्यासाठी थांबत नाही. अन्याय झाला की नाही हे तपासण्याआधी न्यायाधिकरण विचारते, "तुम्ही वेळेत आलात काय?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरी तयार असावे, एवढ्यासाठी हा पाठ आहे.

१. हक्क कोठून आला

बाबासाहेब १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढा विद्वान अधिकारी, पण शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकीत. शहरात राहायला जागा मिळेना, शेवटी ती नोकरी सोडून यावे लागले. त्या काळी अशा अन्यायाविरुद्ध दाद मागायला कायद्याचे दारच नव्हते. आज संविधानाचे १६ वे कलम सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते आणि १७ वे कलम अस्पृश्यता नष्ट करते. दार आहे, पण ते ठराविक वेळेपर्यंतच उघडे असते.

नव्याने दीक्षा घेतलेले बंधू विचारतात, "आता आम्ही बौद्ध झालो, मग अनुसूचित जातीचे संरक्षण राहिले काय?" राहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. मात्र त्या आदेशातील यादी जातींच्या नावांची आहे. म्हणून जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र आजच नीट करून ठेवा. तक्रारीची मुदत चालू झाल्यावर दाखल्यासाठी धावपळ करू नका.

२. न्यायाधिकरणाचे दार

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. त्याला सारे 'मॅट' म्हणतात. ते १९९१ पासून चालू आहे. रेल्वे, टपाल, कस्टम अशा केंद्रीय खात्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'कॅट', १९८५ पासून आहे. दोन्ही मुंबईत बसतात आणि दोन्हींना १९८५ चाच कायदा लागू आहे. त्यातील २० वे कलम सांगते की, आधी खात्यातील अपील करा. २१ वे कलम सांगते की, खात्याच्या अखेरच्या आदेशापासून एक वर्षात न्यायाधिकरणात या. खात्याने उत्तरच दिले नाही तर अपिलाच्या तारखेपासून सहा महिने थांबा, आणि त्यानंतर एक वर्षात या.

उदाहरण घेऊ. समजा, बेलापूरच्या कोकण भवनातील एका कारकुनाची वेतनवाढ रोखली. त्याच चुकीसाठी दुसऱ्या दोघांना नुसती समज दिली. आदेश त्याच्या हाती १० जानेवारी २०२५ रोजी पडला. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे अपिलाला ४५ दिवस मिळतात, म्हणजे २४ फेब्रुवारीपर्यंत. त्याने २० फेब्रुवारीला अपील दिले. उत्तर आले नाही. सहा महिने २० ऑगस्ट २०२५ ला संपले. तेथून एक वर्ष, म्हणजे २० ऑगस्ट २०२६ ही मॅटमध्ये जाण्याची शेवटची तारीख. पण अपिलाचे उत्तर ५ मे २०२५ रोजीच आले असते, तर शेवटची तारीख ५ मे २०२६ झाली असती. उत्तर लवकर आले की मुदतही लवकर संपते, हे ध्यानात ठेवा.

उशीर झालाच तर विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. परंतु त्यासाठी सबळ कारण आणि पुरावा लागतो. "साहेबांनी तोंडी शब्द दिला होता" हे कारण तेथे टिकणे कठीण.

३. अर्जावर अर्ज

आपली सर्वांत मोठी फसगत येथे होते. अर्ज द्यायचा, तीन महिन्यांनी स्मरणपत्र द्यायचे, मग दुसरे, मग तिसरे. वाटते की प्रकरण जिवंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एस. एस. राठोड यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, नियमात नसलेले निवेदन पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. २००८ साली सी. जेकब यांच्या खटल्यात आणखी सांगितले की, जुन्या मेलेल्या प्रकरणावर खात्याने आज उत्तर दिले, म्हणून त्या प्रकरणाला नवी मुदत मिळत नाही. स्मरणपत्र जरूर द्यावे, पण त्याच्या भरवशावर मुदत जाऊ देऊ नये.

पगार चुकीचा ठरवला असेल तर तो अन्याय दरमहा नव्याने होतो. तेथे उशीर झाला तरी दाद मागता येते, पण मागील थकबाकी साधारणतः तीन वर्षांपुरतीच मिळते. ज्येष्ठता व बढती यांना ही सवलत नाही, कारण मधल्या काळात त्या जागी दुसऱ्याचा हक्क तयार झालेला असतो. ज्येष्ठता यादी फलकावर लागली की त्याच दिवशी आपला क्रमांक पाहा.

केंद्र सरकारच्या नोकरीत वार्षिक अहवालाची प्रत हाती आल्यावर त्याविरुद्ध निवेदन द्यायला फक्त १५ दिवस असतात.

४. ज्यांना मॅट नाही

नवी मुंबई महानगरपालिका, सिडको आणि जिल्हा परिषदा यांचे कर्मचारी मॅटमध्ये जाऊ शकत नाहीत. चुकीच्या दारात वर्ष घालवून परत आलेला माणूस फार थकतो. त्यांना बहुधा उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. त्याला ठरलेली मुदत नाही, तरी न्यायालय विनाकारण झालेला उशीर पाहतेच. खाजगी शाळेतील शिक्षकाला बडतर्फी, पदावनती किंवा बढतीत डावलणे याविरुद्ध १९७७ च्या कायद्याप्रमाणे शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांतच अपील करावे लागते.

कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर आमच्या भगिनींनी २०१३ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत समितीकडे लेखी तक्रार करावी. समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही.

५. पोलीस ठाण्याचे दार

जातीवरून लोकांदेखत अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने फिर्यादीला मुदतीची आडकाठी नाही. परंतु त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षा आहे. तेथे एका वर्षाची मर्यादा येते. आणि मुदत नसली तरी साक्षीदार विसरतात, बदलून जातात.

कराडचे प्रकरण आठवा. तेथील एका शासकीय महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे लिहिले गेले. त्याने २००६ च्या जानेवारीत फिर्याद दिली. पोलिसांनी वरिष्ठांवर खटल्याची परवानगी मागितली २०१० च्या डिसेंबरात, आणि ती नाकारली गेली २०११ च्या जानेवारीत. पुढे परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदला गेला. त्यातूनच सर्वोच्च न्यायालयाचा २० मार्च २०१८ चा, कायदा सैल करणारा निकाल आला. देशभर दलित समाज २ एप्रिलला रस्त्यावर आला, ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ कलम घातले, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. एका शेऱ्यापासून निघालेली वाट तेरा वर्षे चालली. यातून घ्यायचा धडा असा की, फौजदारी वाट लांब असते. तिच्यावर चालत असताना शेऱ्याविरुद्धचे निवेदन व न्यायाधिकरण ही नोकरीची वाट वेगळी चालवावी लागते. एकीची मुदत दुसरीमुळे थांबत नाही.

राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचेही तसेच. आयोग चौकशी करतो, अधिकाऱ्याला बोलावतो. त्याचा उपयोग मोठा आहे. पण आयोगाला मनाई हुकूम देण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आहे. आयोगाकडे अर्ज पडून आहे म्हणून मॅटची मुदत थांबत नाही.

६. घरात काय करावे

आदेश हाती घेताना सहीखाली तारीख घाला. पाकीट फेकू नका. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. आवक शाखा शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. त्याचे उत्तर ३० दिवसांत यावे लागते, पण त्याची वाट पाहत अपील थांबवू नका. वकिलाचा खर्च नाही म्हणून बसू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांनाही मिळतो.

आणि हे सारे नोकरी करणाऱ्या एकट्यावर टाकू नका. त्याचे मन खचलेले असते, तारखा निसटतात. घरातील शिकणाऱ्या मुलीने वा मुलाने एक वही करावी. डाव्या बाजूला कागद मिळाल्याची तारीख, उजव्या बाजूला मुदत संपण्याची.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शिक्षेचा आदेश ३ मार्चला हाती आला. ४५ दिवसांची मुदत केव्हा संपते? (उत्तर १७ एप्रिल आले पाहिजे.)
२. अपिलाला उत्तर आले नाही, तर एकूण किती महिन्यांत मॅटमध्ये जावे?
३. तीन स्मरणपत्रे दिल्याने मुदत वाढते काय?
४. आपल्या घरातील नोकरदाराला कोणते दार लागू आहे: मॅट, कॅट, उच्च न्यायालय की शाळा न्यायाधिकरण? आज रात्री जेवणानंतर त्यांना विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जय भीम!