विजेच्या भरवशाचे गणित

देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तारापूर येथे ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. केंद्र इतके निकट असताना पालघर-बोईसर परिसरात वीज खंडित का व्हावी, हा प्रश्न ग्रामस्थांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. 'दिव्याखाली अंधार' म्हणून तो सोडून देणे सोपे. परंतु प्रश्न रास्त आहे.

केंद्राची वीज गावाला थेट मिळत नाही. उच्चदाब पारेषण वाहिन्यांनी ती पश्चिम विभागाच्या जाळ्यात जाते आणि उपकेंद्र, रोहित्र, वितरण वाहिनी अशा टप्प्यांनी घरी पोहोचते. किंबहुना केंद्रालाही जाळ्याचा आधार लागतो. अणुभट्टी बंद केल्या क्षणीही इंधनात पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत असते व ती काढून घेणाऱ्या पंपांना वीज हवी असते. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात आगीमुळे सुमारे सतरा तास वीजपुरवठा बंद पडला, तेव्हा डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांचे पाणी वापरावे लागले.

आता थोडे गणित. समजा, एक वाहिनी वर्षातील एक टक्का काळ बंद असते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सुमारे ८८ तास अंधार. जोडीला तशीच दुसरी वाहिनी असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाकाठी एक तासाहूनही कमी भरतो. कागदावर हे उत्तम दिसते. मात्र एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेले, ते एकेक वाहिनी निवडत गेले नाही! १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाणे परिसर अंधारात गेला, तेव्हा कळवा-पडघा मार्गावरील एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती आणि भार वाहणाऱ्या दुसरीतही बिघाड झाला.

असे संयोग मोजायचे तर केवळ वीस घटकांच्या चालू-बंद अवस्था १०,४८,५७६ होतात. जिल्ह्यात घटक शेकडो. म्हणून विकेंद्रित कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार पुढे आला. यात प्रत्येक उपकेंद्राची स्वतंत्र संगणकीय प्रणाली असते. शास्त्रज्ञ तिला 'अभिकर्ता' म्हणतात. आपण मुकादम म्हटले तरी चालेल. आपल्या रोहित्राचे वय, तेलाचे तापमान, झाडीतून जाणारी वाहिनी हे सारे या मुकादमाला ठाऊक असते. तो शेजारच्या मुकादमाला विचारतो : माझे रोहित्र बंद पडले, तर तू किती भार घेशील? बोईसरचे कारखाने पूर्ण भाराने चालू असताना येणारे उत्तर निराळे आणि मध्यरात्रीचे निराळे. अशा उत्तरांतून खरोखर घातक असलेले थोडे संयोग वेगळे काढता येतात. युरोपात १९८९ च्या सुमारास हाती घेतलेल्या 'आर्कॉन' प्रकल्पात स्पेनच्या पारेषण जाळ्यासाठी ही पद्धत अवलंबिण्यात आली. पंचायतराज अनुभवलेल्या महाराष्ट्राला यातील तत्त्व नवे नाही.

अर्थात, मुकादमाची वही चुकीची असेल तर त्याचे उत्तरही चुकणार. शिवाय सरासरीने फसगत होते. वसई-विरारच्या ग्राहकांची संख्या मोठी असल्याने जिल्ह्याच्या सरासरीवर तिचाच प्रभाव पडतो. मोखाड्यातील एखाद्या पाड्याचे दोन दिवस त्यात दिसतही नाहीत. तेथे मात्र नळयोजनेचा पंप थांबतो आणि आरोग्य केंद्रातील लसींची चिंता सुरू होते. वीज किती वाजता गेली, केव्हा आली आणि कारण काय सांगण्यात आले, या तीन गोष्टींची नोंद ग्रामपंचायतीला साध्या वहीत ठेवता येईल. शाळेतील मुलांनी वर्षभर अशी नोंद ठेवली, तर टक्केवारीचा धडाही आपोआप होऊन जाईल.