फुकट ई-मेल सेवा : जागा, वेग आणि भरवसा



सोलापूर, लातूर अथवा हैदराबादचा भाव एके काळी हुमनाबादच्या पेढीवर तारेने येत असे. ती तार २०१३ च्या जुलै महिन्यात देशभर कायमची बंद झाली. आज डाळमिलचा करार, वाहतुकीची पावती, बँकेचा उतारा आणि कराची नोटीस ही सर्व ई-मेलच्या एकाच पत्रपेटीत येऊन पडतात. असे असूनही ती पत्रपेटी निवडताना आपण जेवढा विचार करतो, त्याहून अधिक विचार बारदान खरेदी करताना करतो, हे कबूल केले पाहिजे. ‘फुकटच्या सेवांपैकी चांगली कोणती?’ असा प्रश्न काही सभासदांनी प्रस्तुत लेखकास वेळोवेळी विचारला आहे. लेखक धान्याचा व्यापारी आहे, संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे; परंतु मालाची पारख करण्याची जी रीत आपल्या व्यवसायात आहे, तीच येथेही लावता येते, असा त्याचा अनुभव आहे.

प्रथम जागेचा विचार करू. फुकट ई-मेलची कल्पना जगभर रूढ करणारी हॉटमेल ही सेवा ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. तिच्या दोघा संस्थापकांपैकी एक साबीर भाटिया हे होत. त्यांचे शालेय शिक्षण पुणे व बंगळूर येथे झाले होते. पुढील वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती सेवा विकत घेतली. त्याच काळात याहू आणि मुंबईची रेडिफ याही कंपन्या या क्षेत्रात उतरल्या, आणि आपल्याकडील लहान गावांतून कित्येक पेढ्यांचा पहिला पत्ता रेडिफमेलचाच असे. हॉटमेलमध्ये तेव्हा जागा किती मिळे? अवघी २ मेगाबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले मालाच्या नमुन्याचे एक छायाचित्रही तीत मावले नसते.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल जाहीर केली आणि तीत १ गिगाबाइट जागा देऊ केली. दहा क्विंटलांचा जसा एक टन, तसा सुमारे हजार मेगाबाइटांचा एक गिगाबाइट; म्हणजे ही जागा हॉटमेलच्या पाचशेपट झाली. तारीख एप्रिलची पहिली असल्यामुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. ती थट्टा नव्हती, हे ध्यानी येताच इतरांनाही आपल्या वखारी वाढवाव्या लागल्या. याहूने त्याच वर्षी १०० मेगाबाइट दिले, २००७ साली जागेची मर्यादाच काढून टाकली आणि २०१३ साली १ टेराबाइट, म्हणजे सुमारे हजार गिगाबाइट, देऊ केले.

यापुढचा भाग मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी आला आहे. दिलेली जागा परतही घेतली जाते. याहूने २०२५ साली ते एक टेराबाइट कमी करून २० गिगाबाइटवर आणले. जीमेलची १५ गिगाबाइट जागा २०१३ पासून केवळ पत्रांची राहिली नाही. गूगलकडे ठेवलेले इतर कागदही तीतच मोजले जाऊ लागले आणि १ जून २०२१ पासून नव्याने साठवलेली छायाचित्रेही त्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये पत्रांस १५ गिगाबाइट आहेत; परंतु २०२३ पासून पत्रांसोबतची जोडपत्रे निराळ्या ५ गिगाबाइटच्या खात्यातही मोजली जातात, आणि ते खाते भरले की पत्रव्यवहार थांबतो.

आता आपल्या उपयोगाचा हिशेब मांडू. बिलाचे अथवा पट्टीचे एक पान यंत्राने टिपले, तर ते साधारण ०.३ मेगाबाइटचे होते. दिवसास तीस पाने आणि वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले, तर वर्षाची नऊ हजार पाने होतात. १५ गिगाबाइटमध्ये सुमारे पन्नास हजार पाने मावतात, म्हणजे साडेपाच वर्षांचा पुरवठा. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२४-२५ चे कागद त्या हिशेबाने ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवेत. पंधराचा आकडा केवढाही मोठा वाटो, कायद्याने लागणाऱ्या मुदतीला तो एकट्या कागदांच्या बाबतीतही अपुरा पडतो. त्यातच पर्युषणानंतर क्षमापनेची रंगीत चित्रे व चित्रफिती शेकड्यांनी येतात. त्या मोबाइलमधून आपोआप त्याच जागेत जाऊन बसतात, आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’च्या गर्दीत डाळमिलच्या पत्रास उभे राहण्यास ठाव उरत नाही. यास्तव पेढीचे खाते आणि घरच्या मोबाइलचे खाते एक असता कामा नये. जागेसंबंधी एवढी एक गोष्ट पाळली, तर कोणतीही सेवा पुष्कळ पुरते.

जोडपत्राच्या वजनासंबंधी एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. बहुतेक सेवा २० ते २५ मेगाबाइटपर्यंतचे जोडपत्र स्वीकारतात. परंतु कागद पाठवताना त्याचे जे अक्षररूप केले जाते, त्यामुळे त्याचे वजन सुमारे एकतृतीयांशाने वाढते. काट्यावर धान्यासोबत बारदानही तोलले जाते, तसेच हे आहे. वीस मेगाबाइटची चित्रफीत पंचवीसच्या मर्यादेत का बसत नाही, याचे उत्तर हेच.

वेगाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चाले त्या दिवसांत प्रत्येक पत्र उघडण्यास संपूर्ण पान नव्याने उतरवून घ्यावे लागे. जीमेलने २००४ साली ती पद्धत बदलली आणि इतरांनीही तिचे अनुकरण केले. आज जी, आउटलुक, याहू व झोहो यांच्यातील वेगाचा फरक हुमनाबादच्या बाजारपेठेत बसून जाणवावा इतका उरलेला नाही. जो जाणवतो तो आपल्या जोडणीचा असतो. पत्र पोहोचण्यास वेळ लागला, तर तो बहुधा मार्गात लागतो. घेणाऱ्याचे यंत्र बंद असल्यास पाठवणारी सेवा थांबून थांबून पुनःपुन्हा प्रयत्न करते आणि कित्येक वेळा चार-पाच दिवसांनी हात टेकते. व्यापाऱ्याने खरा वेग मोजावा तो निराळाच : तीन वर्षांपूर्वीची पट्टी किती क्षणांत सापडते? या शोधाच्या कामी जीमेल लेखकास सर्वांत सरस वाटली आहे.

भरवसा हा मात्र या लेखाचा मुख्य विषय. त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि आपण बहुधा पहिल्याचाच विचार करतो, तो म्हणजे सेवा बंद पडण्याचा. जीमेल २४ फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे अडीच तास बंद पडली होती. १४ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास गूगलच्या अनेक सेवा जगभर पाऊण तास ठप्प झाल्या. ग्राहकांची ओळख पटवणाऱ्या यंत्रणेस नेमून दिलेल्या जागेचा हिशेब चुकला, हे त्याचे कारण होते; जगास जागा वाटणाऱ्याच्या घरीच कोठार अपुरे पडावे, हा योगायोग मजेचा खरा. सोमवती अमावास्या असल्याने आमच्या पेढीवर त्या दिवशी सौदे नव्हते, म्हणून आम्हांस झळ लागली नाही. अशी पाऊण तासाची अडचण आपल्या धंद्यात सोसण्यासारखी आहे.

दुसरा प्रकार ठेव नाहीशी होण्याचा. २०११ च्या फेब्रुवारीत एका सदोष बदलामुळे जीमेलच्या दर दहा हजारांतील सुमारे दोघा ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. कंपनीने त्या कशातून भरून दिल्या, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. संगणकांवरील प्रतींवरही चुकीचा परिणाम झाला होता. वाचल्या त्या निराळ्या जपून ठेवलेल्या चुंबकीय फितींवरील प्रती. रोजमेळ दुकानात आणि खतावणीची नक्कल घरी ठेवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांस हे सांगितले असते, तर त्यांना काही नवल वाटले नसते.

तिसरा प्रकार किल्ली परक्याच्या हाती जाण्याचा. २०१३ साली याहूवर पडलेल्या दरोड्यात तिच्या तीनही अब्ज खात्यांची माहिती गेली होती आणि तो पूर्ण आकडा बाहेर येण्यास २०१७ साल उजाडले. पासवर्डखेरीज मोबाइलवर येणारा दुसरा संकेत मागण्याची सोय आता सर्व मोठ्या सेवांत आहे; ती न घेणे म्हणजे वखारीस कडी लावून कुलूप न लावणे होय. चौथा प्रकार सेवाच बंद होण्याचा. इंडियाटाइम्सची ई-मेल सेवा २०१३ साली अशीच बंद झाली. शिवाय न वापरलेले खाते काढून टाकण्याचा अधिकार प्रत्येकाने राखून ठेवला आहे : गूगल व मायक्रोसॉफ्ट दोन वर्षे वाट पाहतात, याहू एक वर्ष.

पाचव्या प्रकाराचा चटका आम्ही स्वतः सोसला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा सोयाबीनच्या व्यवहारामुळे आमच्या पेढीस नोंदणी आवश्यक होती. घाईगर्दीत हिशेबनिसाने स्वतःचाच ई-मेल पत्ता अर्जात घातला. तो त्याचा दोष म्हणवत नाही. पेढीचा पत्ताच नव्हता. पुढे तो मनुष्य नोकरी सोडून गेला आणि ते खातेही त्याने वापरणे सोडले. काही वर्षांनी एका विवरणातील तफावतीबद्दल नोटीस निघाली, तिची स्मरणपत्रे निघाली आणि उत्तर न आल्यामुळे एकतर्फी आदेशही निघाला. आम्हांस यांतील एक अक्षर ठाऊक नव्हते. बँकेच्या कामासाठी कागद काढताना तो आदेश दृष्टीस पडला, त्या दिवशी अपिलाच्या तीन महिन्यांपैकी अकरा दिवस उरले होते. नोंदणीत दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली ई-मेल ही कायद्याने नोटीस पोहोचल्यासारखीच आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या १६९ व्या कलमात तसे स्पष्ट लिहिले आहे. ‘आम्हांस मिळाली नाही’ हे उत्तर तेथे चालत नाही. वादातील कराच्या दहा टक्के रक्कम भरून अपील करावे लागले. आमच्या वडिलांनी पन्नास वर्षांच्या व्यापारात एकही सरकारी पत्र अनुत्तरित ठेवले नव्हते, याची आठवण त्या अकरा दिवसांत रात्री झोपू देत नव्हती. सेवा कोणतीही असती, अमर्याद जागेची वा विजेच्या वेगाची, तरी हे टळले नसते.

म्हणून ‘चांगली कोणती’ या प्रश्नास लेखकाचे उत्तर असे आहे. लहान पेढीस जीमेल अथवा आउटलुक यांपैकी कोणतीही पुरेशी आहे. नव्याने पत्ता घेणाऱ्याने झोहोचाही विचार करावा. ही कंपनी तमिळनाडूतील असून, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी २०२५ च्या ऑक्टोबरात आपला पत्ता तिच्याकडे नेल्यापासून तिचे नाव बरेच चर्चेत आहे. तिच्या फुकट योजनेत पेढीच्या स्वतःच्या नावाचा पत्ता पाच जणांपर्यंत मिळतो. जागा प्रत्येकी ५ गिगाबाइटच आहे आणि पत्रे बाहेरील कार्यक्रमात उतरवून घेण्याची सोय तीत नाही, ही तिची उणीव. नाव मात्र वर्षास साधारण हजार रुपयांच्या आसपास देऊन निराळे नोंदवावे लागते. तो खर्च लेखकास रास्त वाटतो, कारण उद्या सेवा बदलली तरी दारावरची पाटी तीच राहते आणि ग्राहकांस पत्ता बदलल्याचे कळवत बसावे लागत नाही. त्या नोंदणीचे नूतनीकरण मात्र तारखेस चुकवू नये.

ज्यांची पेढी जुन्या पत्त्यावरच सुखाने चालली आहे, त्यांनी सेवा बदलण्याची मुळीच घाई करू नये. त्यांनी दिवाळीच्या वहीपूजनाआधी एक दिवस काढून वर्षाची सर्व पत्रे आपल्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यावीत. गूगल त्यासाठी ‘टेकआउट’ नावाची सोय फुकट देते. इतरांची पत्रे थंडरबर्ड या फुकट कार्यक्रमाने उतरवता येतात. ती डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी. त्याच दिवशी जीएसटीच्या संकेतस्थळावर, बँकेत आणि बाजार समितीच्या परवान्यावर कोणता ई-मेल व कोणता मोबाइल लिहिलेला आहे, हे मालकाने स्वतः वाचून पाहावे. जीएसटीतील पत्ता बदलण्यास अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नव्या ई-मेलवर आणि नव्या मोबाइलवर येणारे संकेत भरले की बदल होतो. आम्हांस त्यास पंधरा मिनिटे लागली.